‘खरं सांगा, किती घेता?’ : एका कंडक्टरच्या यकृताचं प्रकरण

रुग्ण 54 वर्षांचे, सांगली जिल्ह्यातल्या एका आगारात एसटी कंडक्टर. वजन 64 किलो. मधुमेह नाही, रक्तदाब नाही. गळ्यात तुळशीची माळ, घरात वडिलांपासून चालत आलेली वारी. तक्रार एकच: थकवा. ड्युटी संपवून घरी आलं की जेवायच्या आधीच आडवं व्हावं लागायचं, आणि आदल्या वर्षी वारीत निम्म्या वाटेवर चालणं सोडून टेम्पोत बसावं लागलं होतं. कावीळ नाही, पोटदुखी नाही, खाज नाही.

पुढे जाण्याआधी एक स्पष्ट करतो. हे कोणा एकाचं प्रकरण नाही. शिकवण्यासाठी अनेक रुग्णांत दिसणाऱ्या गोष्टी जुळवून ते बांधलं आहे. अशा रुग्णांत जे आकडे दिसतात आणि ज्या चुका होतात, त्याच इथे घेतल्या आहेत.

पहिला रक्ततपास असा होता. अल्कलाइन फॉस्फेटेज, म्हणजे एएलपी हे पित्ताशी संबंधित विकर, 412 (प्रयोगशाळेची वरची मर्यादा 120). यकृताचंच आणखी एक विकर, जीजीटी, 480. यकृतपेशींची विकरं: एएलटी 68, एएसटी 74 (मर्यादा 40). बिलिरुबिन 1.1, अल्ब्युमिन 3.6, प्लेटलेट 1 लाख 28 हजार. हिपॅटायटिस बी आणि सी दोन्ही निगेटिव्ह. सोनोग्राफीत यकृत जरा खडबडीत, प्लीहा 13.5 सेंमी, पित्तनलिका फुगलेल्या नाहीत आणि पित्ताशयात 8 मिमीचा एक निवांत खडा.

या कागदावर पुढची दीड वर्षं काय झालं, तोच या प्रकरणाचा गाभा आहे.

पहिल्या डॉक्टरांनी जीजीटीवर बोट ठेवलं आणि विचारलं, “खरं सांगा, किती घेता?” रुग्णाने माळेला हात लावला. त्यांची बायको म्हणाली, “अहो, हे चहासुद्धा एकच वेळ घेतात.” कागदावर तरीही ‘दारूचा इतिहास नाकारतात’ असं लिहिलं गेलं. ‘पीत नाहीत’ आणि ‘पीत असल्याचं नाकारतात’ यांत किती अंतर आहे ते केसपेपर वाचणाऱ्या पुढच्या प्रत्येक डॉक्टरला कळतं. पुढच्या दोघांनी त्याच वाक्यावरून सुरुवात केली. एकाने ‘फॅटी लिव्हर’ ठरवून तेल-तूप बंद केलं. दुसऱ्याने खड्याचं ऑपरेशन सुचवलं. रजा मिळाली नाही म्हणून ते टळलं. मधल्या काळात लिव्हर टॉनिकच्या बाटल्या आणि अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाची 300 मिलिग्रॅमची रोज एक गोळी चालू होती. आपल्याकडे यकृताचा कुठलाही आकडा वाढला की ही गोळी लिहायची पद्धत आहे. या रुग्णाच्या बाबतीत गंमत अशी की औषध नेमकं बरोबर होतं. मात्रा गरजेच्या जेमतेम एक तृतीयांश होती, आणि ते कशासाठी चालू आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

कागद नीट वाचला असता तर तो बोलत होता. एएलटी मर्यादेच्या 1.7 पट, एएलपी 3.4 पट. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की 0.5 येतात. हा भागाकार 2 किंवा त्याखाली असेल तर दुखणं यकृतपेशींपेक्षा पित्ताच्या वाहण्यात आहे असं समजतात. दारूच्या यकृतदाहात सहसा एएसटी हे एएलटीच्या दुपटीच्या पुढे असतं. इथे दोन्ही जवळपास सारखी. जीजीटी दारूने वाढतं हे खरं, पण पित्त अडलं तरी ते तसंच वाढतं. शिवाय पित्तनलिका फुगलेल्या नाहीत, म्हणजे अडथळा मोठ्या नळांत नाही. तो यकृताच्या आतल्या, डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक नलिकांत शोधायला हवा. ज्या खड्यासाठी ऑपरेशन ठरत होतं, त्याचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता.

हाच रिपोर्ट 50 वर्षांच्या एखाद्या बाईचा असता तर एएमए, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाविरोधी प्रतिपिंडांची, तपासणी कुणाच्या तरी लवकर मनात आली असती. ती प्रायमरी बिलियरी कोलँजायटिससाठी, म्हणजे पीबीसीसाठी, करतात. हा ऑटोइम्यून आजार, म्हणजे स्वतःची प्रतिकारशक्तीच यकृतातल्या बारीक पित्तनलिका नष्ट करते असा. पाठ्यपुस्तकात त्याची ओळखच ‘मध्यमवयीन स्त्री’ अशी करून दिलेली असते. एमबीबीएसला आम्ही सगळ्यांनी ते तसंच घोकलेलं आहे: दहात नऊ बायका.

निदान

शेवटी एएमए मागवली गेली आणि ठळक पॉझिटिव्ह आली. आयजीएम, म्हणजे एका प्रकारची प्रतिपिंडं, 390, वाढलेलं. एएनए, म्हणजे पेशीकेंद्राविरोधी प्रतिपिंडं, पॉझिटिव्ह, त्यात जीपी210 हा प्रकार. पीबीसीच्या निदानाला तीनपैकी दोन गोष्टी पुरतात: सहा महिन्यांहून जास्त काळ वाढलेली एएलपी, एएमए, आणि बायोप्सीत दिसणारा बारीक पित्तनलिकांचा नाश. पहिल्या दोन हातात होत्या, त्यामुळे सुई घालायची गरज पडली नाही. झाडपाल्याच्या औषधांबद्दल मुद्दाम खोदून विचारलं. करोनाच्या काळात घरोघर गुळवेलीचे काढे प्याले गेले, आणि त्यातून ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखा यकृतदाह झालेल्या रुग्णांची मालिका मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली आहे. या रुग्णाने काढा घेतला होता, पण पंधरवडाभरच, आणि एएलपीचा हा नमुना त्याने समजावता येत नव्हता.

यकृताचा कडकपणा मोजणारा फायब्रोस्कॅन 17.5 किलोपास्कल. एंडोस्कोपीत अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला फुगलेल्या बारीक शिरा. म्हणजे निदान झालं त्या दिवशीच आजार सिरॉसिसच्या, म्हणजे यकृत व्रणांनी कडक होण्याच्या, पायरीवर होता आणि यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेतला दाब वाढलेला होता. जीपी210 हेही आजार पुढे सरकण्याचं लक्षण मानलं जातं.

‘सिरॉसिस’ हा शब्द ऐकून ते बराच वेळ गप्प बसले. गावात त्याचा एकच अर्थ होतो. 2015 पर्यंत या आजाराच्या नावातच तो शब्द होता. जगभरच्या रुग्णांच्या आग्रहामुळे तो काढला गेला. त्यांना सांगितलं, “माउली, तुम्ही पीत नाही हे आता रक्तानंच सिद्ध केलंय.” हे वैद्यकीयदृष्ट्या फारसं काटेकोर वाक्य नाही, पण त्या दिवशी तेच लागू पडलं.

दहात नऊ, की चारात तीन?

पीबीसी स्त्रियांत जास्त होतो यात शंका नाही. प्रश्न किती जास्त हा आहे. 9:1 किंवा 10:1 हे जुनं प्रमाण मोठ्या रुग्णालयांतल्या रुग्णांच्या नोंदींवरून आलं, म्हणजे ज्यांच्यावर कुणाला तरी संशय आला, तपासणी झाली आणि तज्ज्ञाकडे पाठवलं गेलं, त्यांच्यावरून. इटलीतला लोम्बार्डी प्रांत आणि डेन्मार्क इथल्या संपूर्ण लोकसंख्येच्या सरकारी आरोग्यनोंदी जेव्हा तपासल्या गेल्या (2016 मध्ये प्रसिद्ध), तेव्हा डेन्मार्कमध्ये प्रमाण 4.2:1 निघालं आणि लोम्बार्डीत तर 2.3:1. पुरुष तेवढे कमी नव्हते. ते मोजले जात नव्हते. आणि पुरुष रुग्णांचा मृत्युदर दोन्ही ठिकाणी जास्त होता.

आता ‘पुरुषांत हा आजार जास्त वाईट वागतो’ या दुसऱ्या घोकलेल्या वाक्याकडे येऊ. ब्रिटनच्या 2,353 रुग्णांच्या अभ्यासात (2013) अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाला पुरेसा प्रतिसाद स्त्रियांत 80 टक्के, पुरुषांत 72 टक्के होता. पण त्याच अभ्यासात वयाचा फरक लिंगाच्या फरकापेक्षा कितीतरी मोठा निघाला: तिशीच्या आत निदान झालेल्या स्त्रियांत प्रतिसाद निम्म्याहूनही कमी, सत्तरीनंतर 90 टक्क्यांच्या घरात. नंतरच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय विश्लेषणांत वय आणि आजाराची पायरी हिशेबात धरल्यावर लिंगाचा स्वतंत्र परिणाम फिका पडत गेला. माझं मत असं: पुरुषांच्या नावावर टाकलेला बराचसा ‘वाईटपणा’ हा उशिराचा आहे. त्यांना खाज कमी असते, डोळे-तोंड कोरडं पडण्याच्या तक्रारी कमी असतात, थायरॉइडच्या तपासणीत सहज सापडण्याची संधी कमी, आणि यकृत बिघडलेल्या पुरुषासाठी समाजाकडे आणि डॉक्टरांकडे दारूचं तयार उत्तर असतं.

एका बाबतीत मात्र उशिराने सगळं समजावता येत नाही. यकृताचा कर्करोग पीबीसीच्या पुरुष रुग्णांत स्त्रियांच्या अडीच ते तीन पट आढळतो, आणि आजाराची पायरी लक्षात घेऊनही हा फरक उरतो. म्हणून अमेरिकेच्या यकृततज्ज्ञ संघटनेच्या 2018 च्या मार्गदर्शनात दर सहा महिन्यांनी सोनोग्राफीची शिफारस सिरॉसिसच्या रुग्णांबरोबर पीबीसी असलेल्या पुरुषांसाठीही आहे.

एकाच अवयवात उलट गणित

पेशंटच्या मुलाने विचारलेला प्रश्न योग्यच होता: “हा बायकांचा आजार बाबांना कसा झाला?”

ऑटोइम्यून आजार स्त्रियांत जास्त, हे ढोबळपणे खरं असलं तरी यकृतात ते तीन तऱ्हांनी दिसतं. ऑटोइम्यून हिपॅटायटिसचे साधारण तीन चतुर्थांश रुग्ण स्त्रिया असतात. याँ वाल्डेनस्ट्रोम यांनी 1950 मध्ये त्याचं वर्णन केलं तेच तरुण मुलींवरून. पीबीसीत स्त्रियांचा वाटा, वर पाहिलं तसं, तेवढा किंवा त्याहून जास्त. आणि प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस, ज्यात मोठ्या पित्तनलिका आकसत जातात आणि बहुतेकांना आतड्याचा अल्सरेटिव्ह कोलायटिस असतो, त्यात पुरुष दोन तृतीयांशाच्या आसपास. तिथे स्त्रियांत आजार तुलनेने सौम्य चालतो. म्हणजे नुसतं इस्ट्रोजेनकडे बोट दाखवून हे गणित सुटत नाही. ते पुरेसं असतं तर पाळी गेल्यानंतरच्या वयात पीबीसीचं निदान इतकं झालं नसतं.

जास्त पटणारा धागा एक्स गुणसूत्राचा आहे. प्रतिकारशक्तीचे अनेक जनुक त्याच्यावर आहेत. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स बंद केलं जातं, पण त्यावरचे सगळे जनुक शांत राहत नाहीत. टीएलआर7 सारखे काही जनुक त्या बंदीतून निसटतात. इटलीतल्या संशोधकांनी 2004 मध्ये दाखवलं की पीबीसी असलेल्या स्त्रियांच्या पांढऱ्या पेशींत एक एक्स हरवलेल्या पेशींचं प्रमाण निरोगी स्त्रियांपेक्षा जास्त असतं. पुढे पुरुष रुग्णांच्या पेशी तपासल्या, तर तिथे वाय हरवण्याचं प्रमाण जास्त सापडलं. मला हे दोन शोध एकत्र वाचायला आवडतात: वाट वेगळी, पण लिंगगुणसूत्र गमावण्याची ठेच दोघांनाही. 2024 मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने आणखी एक दुवा जोडला. एक्स बंद करणारा जो झिस्ट नावाचा आरएनए असतो, त्याला चिकटलेली प्रथिनंच ऑटोइम्यून प्रतिपिंडांचं लक्ष्य बनू शकतात. नर उंदरांत झिस्ट तयार करायला लावलं तेव्हा आजाराला प्रवण असलेल्या जातीत त्यांनाही ल्युपससारखा आजार झाला. तो प्रयोग यकृताचा नव्हता, त्यामुळे पीबीसीवर तो जसाच्या तसा लावू नये.

गुणसूत्रांनी कल दिला तरी ठिणगी बाहेरून लागते असं दिसतं. वारंवार होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग आणि धूम्रपान ही नावं पुन्हा पुन्हा येतात. आमचे रुग्ण तंबाखू खात नव्हते की विडी ओढत नव्हते. तीस वर्षं डिझेलच्या धुरात काढली, पण त्यावर बोट ठेवण्याइतका पुरावा नाही.

उपचार, आणि कोणाच्या जोरावर

अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल किलोमागे 13 ते 15 मिलिग्रॅम, म्हणून रोज 900: तीन गोळ्या. यकृताच्या शिरेतल्या दाबासाठी कार्व्हेडिलॉल. हाडांची डेक्सा तपासणीही सांगितली. पित्ताच्या आजारात हाडं झिजतात आणि पुरुषांची ती तपासायचं कुणाच्या ध्यानात राहत नाही. केंद्रावरच्या मुलीने चिठ्ठी पाहून “ही तुमच्या मिसेसची आहे का?” असं विचारलं म्हणे. टी-स्कोअर उणे 2.6 निघाला, म्हणजे हाडं ठिसूळ झाली होती.

वर्षानंतर एएलपी 412 वरून 236. उतरली, पण पुरेशी नाही, मर्यादेच्या 1.67 पटीखाली, म्हणजे 200 च्या आत, यायला हवी होती. दुसऱ्या फळीचं ओबेटिकोलिक आम्ल अशा रुग्णाला देता येत नाही: सिरॉसिसबरोबर यकृताच्या शिरेतला दाब वाढलेला असेल तर ते देऊ नये असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2021 मध्येच दिला होता. राहिलं फायब्रेट. बेझाफायब्रेटवरच्या फ्रेंच चाचणीत (2018, 100 रुग्ण) ते जोडल्यावर 31 टक्के रुग्णांचे सगळे आकडे सामान्य झाले, नुसत्या अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लावर राहिलेल्यांपैकी एकाचेही नाहीत. आपल्या गावच्या मेडिकलमध्ये सहज मिळतं ते फेनोफायब्रेट. क्रिएटिनिनवर नजर ठेवून तेच सुरू केलं. सहा महिन्यांत एएलपी 158.

इथे थोडं थांबायला हवं. 2024 मध्ये अमेरिकेत एलाफिब्रानॉर आणि सेलाडेल्पार या दोन नव्या औषधांना मान्यता मिळाली. त्यांच्या निर्णायक चाचण्यांत अनुक्रमे 161 आणि 193 रुग्ण होते, आणि दोन्हींत सुमारे 95 टक्के स्त्रिया. दोन्ही मिळून पुरुष जेमतेम वीसच्या आसपास. हृदयविकाराच्या अभ्यासांत बायका नव्हत्या म्हणून आपण, रास्तपणे, ओरड केली. पीबीसीत पारडं उलटं आहे. आमच्या कंडक्टरसारख्या, सिरॉसिस असलेल्या पुरुषाला ही औषधं किती उपयोगी पडतील याचं उत्तर मूठभर माणसांच्या आकड्यांवर उभं आहे, आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

बहीण

जवळच्या नातेवाइकांत धोका वाढलेला असतो, म्हणून भावंडांची चौकशी केली. धाकटी बहीण 48 वर्षांची. तळहात-तळपायांना तीन वर्षं खाज, रात्री जास्त. चर्मरोगाची मलमं झाली, खरजेची औषधं झाली, शेवटी “पाळी जायचं वय आहे, त्वचा कोरडी पडते” यावर फाइल बंद. एएलपी एकदा 190 आली होती, तर ‘हाडांची असेल’ म्हणून कॅल्शियम लिहून दिलं. एएलपी हाडांतूनही येते हे बरोबर, पण सोबत जीजीटी केली असती तर उलगडा झाला असता: ती 140 निघाली. एएमए पॉझिटिव्ह.

म्हणजे ज्या आजाराला बायकांचा म्हणतात, तो बाईतही ओळखला गेला नाही. भावाला दारूने झाकलं, बहिणीला वयाने. दोघांच्या पहिल्या कागदावर एएलपी वाढलेलीच होती.

तिचा फायब्रोस्कॅन 6.1. वजनाप्रमाणे 750 मिलिग्रॅम सुरू केल्यावर वर्षभरात एएलपी 104. खाज मात्र आकड्यांच्या मागे लगेच जात नाही. कोलेस्टिरामिनची पूड दिली (मूळ औषधाशी चार तासांचं अंतर ठेवून, नाहीतर ती त्यालाच शोषून घेते). पुडीच्या चवीला कंटाळून बहिणीने ती सोडली. मग रिफॅम्पिसिन. लघवी केशरी होते हे आधी सांगितलं होतं, पण सासूने पाकिटावरून ‘टीबीची गोळी’ ओळखली आणि घरात तिचं ताट वेगळं झालं. सासूला दवाखान्यात बोलावून समजावावं लागलं. रात्रीची झोप पूर्ववत व्हायला त्यानंतर दोन महिने लागले.

दोन भावंडांवरून नियम निघत नाही. पण एकच वंश, एकच प्रतिपिंड, आणि फायब्रोस्कॅन 17.5 विरुद्ध 6.1: यातला किती फरक लिंगाचा आणि किती काळाचा, हे वाचणाऱ्याने ठरवावं.

प्रत्यारोपणाची चर्चा

आज त्यांचं बिलिरुबिन 1.4 आहे. ते 3 च्या दिशेने चढू लागलं, किंवा मेल्ड स्कोअरने, म्हणजे यकृत किती निकामी झालं ते रक्ततपासांवरून सांगणाऱ्या आकड्याने, 15 ओलांडले, की प्रत्यारोपण केंद्राकडे पाठवायचं. नोंदणी पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीच्या यादीत होईल. या स्कोअरचंही एक लिंगपुराण आहे. त्यात क्रिएटिनिन मोजतात, आणि स्नायू कमी असल्यामुळे स्त्रियांचं क्रिएटिनिन मूत्रपिंड बिघडूनही कमी दिसतं. त्या यादीत मागे राहायच्या. अमेरिकेने 2023 पासून स्वीकारलेल्या मेल्ड 3.0 मध्ये म्हणून स्त्रियांना 1.33 गुण जादा मिळतात.

घरी हा विषय काढला तेव्हा बायको लगेच म्हणाली, “माझं घ्या.” मग 27 वर्षांची मुलगी. मग बहीण, जिला एएमएमुळे देताच येणार नाही. भारतात जिवंत दात्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि अवयव मिळणाऱ्यांत बहुसंख्य पुरुष, हे राष्ट्रीय नोंदींत वर्षानुवर्षं दिसतं. खोलीत 30 वर्षांचा, धडधाकट मुलगाही बसला होता. त्याने नकार दिला नव्हता. त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

संभाव्य दात्यांच्या प्राथमिक तपासणीचा कागद तयार केला तेव्हा त्यात तीन नावं लिहिली: बायको, मुलगी, मुलगा. तिघांचा रक्तगट, यकृताचे आकडे, एएमए. मुलाचा रक्तगट वडिलांशी जुळतो, एएमए निगेटिव्ह आहे. मुलीचा तपास अजून यायचा आहे. वडिलांची पुढची सोनोग्राफी आषाढीनंतरच्या आठवड्यात ठेवली आहे, कारण त्याआधी ते येणार नाहीत.